विश्वास असूनही काळजी जात नसेल, तर तो विश्वास खरा म्हणायचा का?

नगरची लेक (प्रश्न)

सर्वांना सलाम. माझे माहेर अहिल्यानगर जिल्ह्यातले. लग्नानंतर गेली सतरा वर्षे मी चिंचवडला राहते. घरात चार पिढ्यांचा ख्रिस्ती विश्वास आहे, रविवारची उपासना सहसा चुकत नाही आणि लहानपणी पाठ केलेली वचने अजून तोंडपाठ आहेत. हे सांगण्याचे कारण एवढेच की, मी विश्वासात नवखी नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न विचारताना मला थोडी लाज वाटते आहे.

आठ महिन्यांपूर्वी माझ्या यजमानांचा कारखाना बंद पडला. ते शेहेचाळीस वर्षांचे आहेत. मुलाखतीला बोलावतात, चहा पाजतात आणि ‘कळवतो’ म्हणतात. पीएफचे पैसे काढून आजवर घर चालवले, ते आता सरत आले आहेत. दररोज पहाटे साडेतीनच्या सुमारास मला जाग येते आणि मी पांघरुणाच्या आत मोबाईलवर बेरीज करू लागते: घराचा हप्ता, मुलाच्या दहावीच्या क्लासची फी, सासूबाईंचे इन्सुलिन, गॅस, वीज. बेरीज कालच्यासारखीच येणार हे ठाऊक असूनही मी ती रोज करते.

गेल्या महिन्यात प्रार्थनासभेत एका बंधूंनी साक्ष दिली की, त्यांनी तीन दिवस उपास केला आणि चौथ्या दिवशी त्यांना नोकरीचे पत्र आले. सभा संपल्यावर मी त्यांना आमची अडचण सांगितली, तर ते अगदी प्रेमाने म्हणाले, “ताई, तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडतो आहे.” ते वाक्य घरी माझ्याबरोबर आले आणि अजून गेलेले नाही.

माझ्या आजीचे पवित्र शास्त्र माझ्याकडे आहे. त्यात स्तोत्रसंहितेच्या पानांच्या कोपऱ्यांवर हळदीचे डाग आहेत, कारण ती फोडणी टाकता टाकता पान उलटत असे. दोन दुष्काळ आणि एका मुलाचा मृत्यू पाहिलेली ती बाई रात्री शांत झोपत असे, हे मी स्वतः पाहिले आहे. तिला जे मिळाले ते मला का मिळत नाही? येशूने ‘चिंता करू नका’ असे स्पष्ट सांगितले असताना चिंता करणे हे पाप ठरते का? आणि साडेतीन वाजता नेमके काय करायचे? ‘प्रार्थना करा’ एवढ्यावर कृपया थांबू नका, कारण ती मी करतेच.

*

निवृत्त मास्तर

ताई, सलाम. मी श्रीरामपूर भागातला, आयुष्यभर शाळेत शिकवले आणि रविवारी मंडळीत मुलांचे वर्ग घेतले. पाळक नाही, त्यामुळे माझे म्हणणे एका वडीलधाऱ्या विश्वासणाऱ्याचे म्हणून वाचावे.

आधी त्या बंधूंविषयी. शास्त्रातल्या ईयोबावर एकामागून एक संकटे कोसळली आणि त्याचे तीन मित्र त्याला भेटायला आले, तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. तेवढे त्यांनी उत्तम केले. पुढे त्यांनी तोंड उघडले आणि तिथून सगळे बिघडले. तुमच्या बंधूंची साक्ष खरी असेल. मात्र स्वतःला मिळालेल्या कृपेची फूटपट्टी करून दुसऱ्याचा विश्वास मोजण्याचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नाही.

आता मूळ प्रश्न. मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक बाप आपल्या आजारी मुलाला येशूकडे आणतो. विश्वास ठेवणाऱ्याला सर्व शक्य आहे असे येशू म्हणतो, तेव्हा तो बाप ओरडून सांगतो की, “माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.” एकाच दमात दोन्ही! येशू त्याला ‘आधी विश्वास पुरा करून ये’ म्हणून परत पाठवत नाही, तर मुलाला बरे करतो. शास्त्रातला मला सर्वांत प्रामाणिक वाटणारा विश्वासणारा तो हाच, आणि त्याचे नाव कुठेही दिलेले नाही.

डोंगरावरील प्रवचनातले ते वचनही सावकाश वाचावे. “उद्याची चिंता करू नका, कारण उद्याची चिंता उद्याला, ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे.” येथे येशू दुःख नाही असे म्हणत नाही, दिवसाला दुःख असते हे तो गृहीत धरतो आणि फक्त त्याचे माप ठरवून देतो. प्रभूच्या प्रार्थनेतही तेच माप आहे. “आमची रोजची भाकर आज आम्हांला दे” असे आपण म्हणतो; महिन्याचा किराणा मागत नाही. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेले अन्न, मिळाला तोही असाच, माणशी एक ओमर (एक माप), त्या दिवसापुरता. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायची आज्ञा होती, म्हणजे तजवीज करण्याला देवाची हरकत नव्हती. घराचा हिशेब ठेवणे हे पाप नव्हे. तोच हिशेब पहाटे साडेतीनला, काहीही करता येत नसताना पुन्हा पुन्हा करणे, हा मात्र मला साठवलेला मान्ना वाटतो.

माझी पत्नी अंथरुणाला खिळली, तेव्हा मी एक वही केली होती. संध्याकाळी दिवे लागल्यावर दुसऱ्या दिवशीच्या अडचणी तारखेसह लिहायच्या, प्रत्येकीपुढे मी काय करू शकतो ते एका ओळीत लिहायचे आणि ज्या ओळीपुढे काहीच लिहिता येत नसे, तिथे नुसते ‘प्रभू’ असे लिहून वही मिटायची. रात्री जाग आली की स्वतःला सांगायचो, ते वहीत आहे. पहिले काही आठवडे त्याचा उपयोग झाला नाही, हेही प्रांजळपणे सांगतो. नंतर झाला.

*

वसईकर

मी कॅथलिक आहे, त्यामुळे माझी वाट थोडी वेगळी आहे, पण तुमच्या ‘नेमके काय करायचे’ या प्रश्नाला आमच्या घरात एक जुने उत्तर आहे. आमच्याकडे संध्याकाळी जेवणाआधी सगळे मिळून पवित्र माळेची प्रार्थना म्हणतात. पाच दशके, प्रत्येक दशकाला दहा वेळा ‘नमो मरिया’. आईच्या हातातली लाकडी माळ इतकी झिजलेली होती की, मण्यांवरच्या रेघाही गुळगुळीत झाल्या होत्या. लहानपणी मला तो शुद्ध कंटाळा वाटे आणि खरे सांगायचे, तर आजही अर्धा वेळ माझे मन विरारच्या लोकलमध्येच असते.

वडील गेले त्या वर्षी मात्र त्या कंटाळवाण्या सवयीची किंमत कळली. स्वतःचे शब्द जुळवून प्रार्थना करण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती. देवावर रागही होता. माळेचे शब्द माझे नव्हते, म्हणूनच ते मला उचलता आले. मन येत नसेल तर निदान बोटे येतात, आणि बोटांमागून कधी तरी मनही येते. तुमच्या परंपरेत माळ नाही, पण आजीच्या हळदीच्या पानांवरची स्तोत्रे आहेत. त्यांतले एखादे साडेतीन वाजता हळू आवाजात, अर्थाचा फार विचार न करता, फक्त म्हणून पाहा. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र चालेल, ते अंधारातच संपते. त्याला शेवटी गोड वळण देण्याची गरज शास्त्रकर्त्यांना वाटली नाही, याचा मला फार आधार वाटतो.

आणखी एक. मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या उपासनेत, प्रभुभोजनाच्या आधी आम्ही एकमेकांना शांती देतो; आपल्याकडे हात जोडून शेजाऱ्याकडे वळतात. ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे, तोही कधी कधी नेमका शेजारी उभा असतो. ही शांती एकट्याने पांघरुणात मिळवायची वस्तू आहे, असे आम्हांला कधी शिकवलेच नाही. ती दुसऱ्याकडून घ्यायची आणि दुसऱ्याला द्यायची असते. म्हणून विचारतो, ताई, हे सगळे तुमच्या घरात किंवा मंडळीत कोणाला ठाऊक आहे का? त्या एका बंधूंना सोडून.

*

रात्रपाळी

मी मिरजेला परिचारिका आहे, अठ्ठावीस वर्षे झाली. वरचे दोन्ही प्रतिसाद आवडले, पण एक गोष्ट कोणी म्हटली नाही. रोज एकाच वेळी पहाटे जाग येणे, पुन्हा झोप न लागणे आणि हे महिनोन्महिने चालणे, याच्याकडे केवळ आत्मिक प्रश्न म्हणून पाहू नका. जेवण कमी झाले असेल, छाती धडधडत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र कोणत्याही वेळी बोलता येते आणि मराठीतही बोलता येते.

औषध घेणे म्हणजे विश्वास सोडणे, असे मानणारे रुग्ण मला दर आठवड्याला भेटतात. त्यांना मी शास्त्रातूनच उत्तर देते. प्रेषित पौलाला त्याचा तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाचा त्रास ठाऊक होता. त्याने ‘तुझा विश्वास कमी आहे’ असे लिहिले नाही, तर पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असे लिहिले. पौलाचा सोबती लूक स्वतः वैद्य होता. आणि एलीया संदेष्टा जीव नकोसा होऊन झुडपाखाली आडवा झाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवले, त्याला खाऊ घातले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. देवाचा मंद स्वर त्याला ऐकू आला तो त्यानंतर, चाळीस दिवसांनी. रात्रपाळीला तापाच्या रुग्णाला उठवून पेज पाजताना मला हा भाग हमखास आठवतो.

*

चिकित्सक वाचक

मी ख्रिस्ती नाही आणि फारसा आस्तिकही नाही. विषय प्रामाणिक वाटला म्हणून विचारतो. नोकरी मिळाली नाही, कर्ज तसेच आहे, तरीही प्रार्थनेने शांती मिळाली, तर ती शांती म्हणजे स्वतःची समजूत घालणेच नव्हे का?

*

निवृत्त मास्तर

प्रश्न रास्त आहे आणि तो मलाही पडलेला आहे. समजूत आणि शांती यांत मला दिसणारा फरक असा की, समजूत घालताना परिस्थितीकडे पाहणे टाळावे लागते. शांती मात्र डोळे उघडे ठेवून लाभते. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिताना देवाची शांती तुमची अंतःकरणे राखील असे म्हटले आहे. राखणे म्हणजे पहारा देणे. जिथे धोकाच नाही, तिथे पहारेकरी कोण ठेवतो? आणि हे लिहिणारा मनुष्य त्या वेळी स्वतः बेड्यांत होता.

आपल्या जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांनी तरुणपणीच दुष्काळात आई-वडील गमावले, 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही कित्येक वर्षे मनाची ओढाताण चालू राहिली. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. शांती मिळाल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत, उलट दुष्काळातल्या शेकडो मुली-बायकांना केडगावला घेऊन आल्या. 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी शास्त्राच्या भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. पुढच्याच वर्षी त्याही गेल्या. नुसत्या समजुतीच्या बळावर एवढे काम होत असेल, असे मला वाटत नाही. तुम्ही तिला दुसरे नाव दिलेत, तरी माझे भांडण नाही.

*

नगरची लेक

सर्वांचे मनापासून आभार. ‘रात्रपाळी’ ताईंच्या सांगण्यावरून शनिवारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मास्तरांची वही सुरू केली. पहिल्याच संध्याकाळी अकरा ओळी झाल्या आणि सातांपुढे ‘प्रभू’ लिहावे लागले.

वसईकरांनी जे विचारले, त्याचे उत्तर मला टोचले, कारण ते ‘नाही’ असे होते. यजमानांना आधीच ओझे आहे, म्हणून मी माझी काळजी त्यांच्यापासूनही लपवत होते. काल पहाटे पुन्हा जाग आली. मोबाईल घेतला नाही. तेविसावे स्तोत्र पुटपुटायला लागले आणि मध्येच एक ओळ विसरले. अंधारातून यजमानांनी ती ओळ पुरी केली. ते जागेच होते. विचारले, तेव्हा म्हणाले की, गेले कित्येक आठवडे तेही याच वेळी जागे असतात आणि माझी झोप मोडू नये म्हणून हालचाल न करता पडून राहतात.

मग दोघे उठून स्वयंपाकघरात बसलो. ‘रोजची भाकर आज’ इथपर्यंत म्हटले आणि तिथेच थांबलो, कारण ते म्हणाले, आजचे पीठ डब्यात आहे. मी झाकण उघडून पाहिले. होते. मग मी चहा ठेवला.