फुफ्फुसातली गुठळी विरघळली का, हे बघायला पुन्हा सीटी करावा का?

ऊसपट्टा

नमस्कार मंडळी. धाकट्या भावासाठी सल्ला हवाय. वय ३९. मोटरसायकलवरून पडला, डाव्या नडगीचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर काढायला चार दिवस राहिले असताना रात्री उठून बसला. बरगडीखाली टोचतंय, श्वास पुरत नाही म्हणाला. वहिनीला वाटलं ॲसिडिटी. सकाळी कराडला नेला तेव्हा ऑक्सिजन ८८. सीटी अँजिओत (शिरेत औषध सोडून काढलेला रक्तवाहिन्यांचा सीटी) दोन्ही फुफ्फुसांत गुठळ्या निघाल्या. उजवीकडे खालच्या भागाच्या मोठ्या वाहिनीत एक, डावीकडे बारीक फांद्यांत दोन. पाच दिवस इंजेक्शनं, मग रिवारॉक्सॅबानच्या, म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या.

पाचव्या आठवड्यात दुसरा सीटी झाला. रिपोर्टात 'पार्शल रिझोल्यूशन', म्हणजे थोडी गेली, थोडी आहे. तेव्हापासून आई रात्री झोपत नाही. आता तीन महिने होत आले आणि तिसरा सीटी सांगितलाय. भावाला दुसरा जिना चढताना धाप लागते, बसला की ठीक. तिसरा सीटी करावा का? इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पुरेल का? एक जण व्हीक्यू स्कॅन म्हणाला (फुफ्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते बघायचा), त्यासाठी आम्हाला पुण्याला जावं लागेल. जावं का?

दोनदा_वाचलेली

आधी आईंना सांगा, पाच आठवड्यांनी गुठळी पूर्ण न जाणं हे नेहमीचं आहे. माझ्या रिपोर्टातही तेच शब्द होते आणि मी इथे टाइप करतेय.

मला कुणी लवकर सांगितलं नाही म्हणून लिहिते: रक्त पातळ करणारी गोळी गुठळी विरघळवत नाही. ती फक्त नवी होऊ देत नाही आणि आहे ती वाढू देत नाही. विरघळवण्याचं काम शरीर स्वतः करतं, आपल्या वेगाने. त्यामुळे 'गोळी चालू असून गुठळी आहे' याचा अर्थ 'गोळी लागू पडत नाही' असा होत नाही.

पेठकर

सगळे 'सीटी नको' म्हणणार हे माहीत आहे, म्हणून उलट बाजू मांडतो. उपचार संपताना एक स्कॅन असलेला बरा. दोन वर्षांनी परत छातीत दुखलं आणि सीटीत काही दिसलं, तर ते नवं की जुनं हे ठरवायला जुना फोटो नको का? माझ्या मेव्हण्याच्या बाबतीत नेमका हाच घोळ झाला. जुनी सीडी हरवलेली, आणि दुसऱ्या डॉक्टरांनी जुन्या डागालाच नवी गुठळी धरून पुन्हा इंजेक्शनं सुरू केली.

निवृत्त_एमडी

पेठकरांचा मुद्दा वावगा नाही, काही डॉक्टर त्याच कारणासाठी शेवटी एक स्कॅन ठेवतात. पण धागाकर्त्याचा प्रश्न वेगळा आहे.

२०१९च्या युरोपियन हृदयरोग मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तीन ते सहा महिन्यांनी रुग्णाला पुन्हा तपासायचं असतं. तपासायचं म्हणजे बोलायचं: धाप किती, चालता किती येतं, गोळ्या कशा चालल्यात. ज्याला काहीच त्रास नाही त्याचा नेमाने सीटी करायचा नाही. धाप उरली असेल तर आधी इको, आणि गरज पडली तर व्हीक्यू. म्हणजे तुमच्या भावाची पहिली पायरी इको. हृदयाच्या उजव्या बाजूवर दाब आहे का, हे तिथे कळेल.

हा सगळा खटाटोप कशासाठी? फार थोड्या जणांत गुठळी विरघळत नाही, तिचं घट्ट पापुद्र्यासारखं जाळं वाहिनीच्या भिंतीला चिकटून राहतं आणि फुफ्फुसाचा रक्तदाब वाढत जातो. हा आजार म्हणायला निदान तीन महिने नीट औषध झालेलं असावं लागतं. त्याआधी केलेल्या सीटीवरून घाबरण्यात काहीच हशील नाही, म्हणून तुमचा पाचव्या आठवड्याचा रिपोर्ट मी बाजूला ठेवला असता. आणि तो आजार निघालाच तरी त्यावर शस्त्रक्रिया आहे, फुग्याने वाहिनी उघडता येते, औषधंही आहेत.

जाता जाता एक जुनी गोष्ट. १९७० साली अमेरिकेत युरोकायनेजच्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. १६० रुग्ण, निम्म्यांना हेपारिन (रक्त पातळ करणारं इंजेक्शन), निम्म्यांना गुठळी विरघळवणारं युरोकायनेज, आणि सगळ्यांचे ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा फुफ्फुसाचे स्कॅन. पहिल्या २४ तासांत युरोकायनेजवाल्यांची फुफ्फुसं जास्त मोकळी झाली. दोन आठवड्यांनी पाहिलं तर दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. शरीर आपलं काम करतंच, हे तेव्हाच दिसलं होतं.

गामा_काउंट

मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्निशियन आहे. धागाकर्ते ऊसवाले दिसतात, तर त्यांच्याच भाषेत सांगतो. सीटी म्हणजे पाटात गाळ कुठे अडकलाय त्याचा फोटो. व्हीक्यू म्हणजे कुठल्या वाफ्यात पाणी पोचलं नाही त्याचा फोटो. पाटात थोडा गाळ दिसतो पण सगळे वाफे भिजलेत, तर तुम्ही पाट उकरत बसाल का? उलटही होतं: पाट वरवर स्वच्छ दिसतो, पण बारीक दंडातून पाणी जात नाही. जुन्या, बारीक फांद्यांतल्या अडथळ्यासाठी व्हीक्यू जास्त विश्वासाचा. तो नॉर्मल आला तर निवृत्त_एमडी म्हणतात तो आजार जवळजवळ निकालातच निघतो.

तपासणी अशी होते: आधी नळीतून टेक्निशियम या किरणोत्सर्गी पदार्थाचा फवारा श्वासाने घ्यायचा, नाकाला चिमटा. चव काही नसते. मग कॅमेऱ्याखाली हात डोक्यावर घेऊन पडायचं. हवा कुठे पोचते ते आलं. नंतर हाताच्या शिरेत अल्ब्युमिनच्या सूक्ष्म कणांचं इंजेक्शन, तेही आडवं झोपवूनच, कारण बसून दिलं तर कण खालच्या भागात जास्त जातात आणि चित्र फसवं येतं. आम्ही सिरिंज आधी हलवून घेतो आणि रक्त मागे ओढत नाही. ओढलं तर सिरिंजमध्येच बारीक गोळे होतात आणि फुफ्फुसात चमकते ठिपके दिसतात. हवा पोचते पण रक्त पोचत नाही अशी जागा सापडली, तर तिथे अडथळा.

आयोडीनचं औषध लागत नाही, त्यामुळे क्रिएटिनिन वाढलेल्यांना, म्हणजे मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनाही चालतं. किरणोत्सर्ग साधारण २ मिलिसिव्हर्टच्या आसपास, सीटी अँजिओत बहुतेक वेळा त्याहून जास्त. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतो. टेक्निशियम दर सहा तासांनी निम्मं होतं, दुसऱ्या दिवशी उरतं ते नगण्य. मात्र जाण्याआधी फोन करा. ही तपासणी सगळीकडे रोज होत नाही. अलीकडचा छातीचा एक्स-रे सोबत न्या.

लीड्सकर

इथे माझ्या बाबतीत तीन महिन्यांनी क्लिनिकला बोलावलं, कॉरिडॉरमध्ये चालवलं, बोटाला ऑक्सिजन लावला. स्कॅन नाहीच. मीच विचारलं, 'गुठळी गेली हे बघायचं नाही?' बाई म्हणाल्या, 'तुम्ही टेकडी चढता ना, मग झालं.' चिडलो होतो तेव्हा. आता वाटतं बरोबर होतं.

@ऊसपट्टा, एक विचारतो, भाऊ गोळी कधी घेतो? जेवणासोबत की रिकाम्या पोटी?

ऊसपट्टा

पहाटे साडेपाचला. धारा काढायला गोठ्यात जाताना, रिकाम्या पोटी. गुरुवारी उपवास असतो, त्या दिवशी तर दुपारपर्यंत चहावरच. का?

निवृत्त_एमडी

अहो! २० मिलिग्रॅमची रिवारॉक्सॅबान जेवणासोबतच घ्यायची असते. रिकाम्या पोटी ती पूर्ण शोषली जात नाही, अंदाजे दोन तृतीयांशच जाते. स्कॅनच्या आधी हा प्रश्न सोडवा. मनाने वेळ बदलू नका, आजच डॉक्टरांना फोन करा, ते सांगतील तसं रात्रीच्या जेवणावर आणा. उपवासाच्या दिवशीही गोळीसोबत पोटभर काहीतरी हवं, साबुदाण्याची खिचडी चालेल, नुसता चहा नाही. आणि धाप अचानक वाढली, थुंकीत रक्त आलं, चक्कर येऊन पडला किंवा एक पाय सुजला तर धाग्यावर विचारू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

दोनदा_वाचलेली

जुन्या दोन्ही सीटींच्या सीडी घेऊन ठेवा. फिल्म नव्हे, सीडी. फिल्मवर मोजके काप असतात, सीडीत एकूण एक. पुढे कधीही तुलना करायची झाली तर तीच वाहिनी, तोच काप शेजारी शेजारी लावून बघता येतो. मेव्हण्याचा घोळ यानेच टळला असता, पेठकर.

पेठकर

मान्य. त्यासाठी तिसरा सीटी लागतच नाही, हेही मान्य. (अर्धंच.)

ऊसपट्टा — बारा दिवसांनी

उशीर झाला, ऊसतोड चालू होती. गोळी आता रात्रीच्या भाकरीबरोबर. डॉक्टरांना फोन केला तेव्हा तेच म्हणाले, 'मी सांगितलं होतं की.' सांगितलं असेलही, पण त्या दिवशी आमचं लक्ष ऑक्सिजनच्या आकड्यावर होतं.

इको कराडलाच केला. उजवी बाजू नॉर्मल, दाबही ठीक. तरी दुसऱ्या जिन्यावरची धाप होतीच, म्हणून डॉक्टरांनीच सीटीऐवजी व्हीक्यू लिहून दिला. पुण्याला जाऊन आलो. गामा_काउंट यांनी लिहिलं तसंच झालं, फक्त नाकाचा चिमटा निसटत होता म्हणून फवारा दोनदा घ्यावा लागला. उजवीकडे खाली एका लहान जागी रक्त कमी पोचतंय, बाकी सगळं भरलंय. डॉक्टर म्हणाले, सहा महिने गोळी पूर्ण करा, मग भेटू. धाप बरीचशी प्लास्टरात पडून राहिल्याची आहे, रोज चालायला लावा.

सीडी आणायला परवा गेलो होतो. पहिल्या सीटीची मिळाली, दुसऱ्याची 'सिस्टीममध्ये शोधावी लागेल' म्हणाले. सोमवारी परत जातोय.