मदत हवी आहे: कॅन्सरची हार्मोनची गोळी मध्येच सुटते, डॉक्टरांनी नेमकं काय बोलावं?

ऑपरेशन, किमो, रेडिएशन नेटाने पूर्ण होतं. मग स्तनाच्या कर्करोगासाठी लेट्रोझोल २.५ मिग्रॅ, रोज एक, किमान पाच वर्षं. ही साधी गोळीच वर्षाच्या आत बंद पडते. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "हो, घेते." पहिल्या भेटीत डॉक्टरांनी काय सांगायला हवं? समुपदेशनाचा मसुदा लिहायला घेतलाय.

प्रतिसाद १
आधी प्रश्न बदला. "गोळ्या नियमित घेताय ना?" यात 'हो' भरूनच ठेवलेलं आहे. "बऱ्याच जणींच्या राहतात, गेल्या दोन आठवड्यांत तुमच्या किती राहिल्या?" असं विचारलं की आकडा येतो. आकडा ऐकून रागावू नये. एकदा ओरडा बसला की पुढच्या भेटीत खरं कळणारच नाही.

दुसरं, "गाठ तर काढली, मग गोळी कशाला?" ही शंका मनात असते, पण बोलून दाखवली जात नाही. पाळी गेल्यावरही चरबीत इस्ट्रोजेन तयार होतं, त्यावर उरल्यासुरल्या पेशी वाढू शकतात, गोळी ते तयार होणं अडवते, हे सांगा. मग "घरच्यांना हे कसं सांगाल?" असं विचारून त्यांच्याच शब्दांत ऐका.

प्रतिसाद २
सांधेदुखीबद्दल पहिल्याच दिवशी बोला. सकाळी बोटं आखडतात, मूठ वळत नाही, बाटलीचं झाकण फिरत नाही. आधी कल्पना दिलेली नसेल तर आजार हाडात गेला असं वाटून बाई हादरते, किंवा गोळीचा त्रास म्हणून गुपचूप बंद करते. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात फोन हवाच. तीन महिन्यांनंतरच्या तपासणीपर्यंत थांबलं तर उशीर होतो.

नियमित व्यायाम, वेदनाशामक, गरज पडल्यास ड्युलोक्सेटीन (नैराश्यावरचं औषध, दुखण्यावरही चालतं). तरीही जमेना तर लेट्रोझोल थोडे आठवडे थांबवून ॲनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन (दोन्ही त्याच जातीच्या गोळ्या) किंवा टॅमॉक्सिफेन (वेगळ्या प्रकारची हार्मोनची गोळी). "बंद करण्याआधी मला सांगा, गोळी बदलता येते," हे वाक्य मसुद्यात ठळक टाका.

टॅमॉक्सिफेनवर जाताना चालू औषधं तपासा. पॅरॉक्सेटीन, फ्लुओक्सेटीन ही नैराश्यावरची औषधं यकृतात त्याचं सक्रिय रूप होऊ देत नाहीत. ड्युलोक्सेटीनही काही प्रमाणात तेच करतं, म्हणून त्याचाही फेरविचार करा. अंगातून अचानक गरम वाफा येतात, त्यावर व्हेनलाफॅक्सीन (हेही नैराश्यावरचंच औषध) चालतं.

मूळ प्रश्नकर्ता
खूप उपयोग झाला. लेट्रोझोल एक दिवस राहिलीच तर?

प्रतिसाद १
त्याच दिवशी आठवली तर लगेच घ्यायची. पुढच्या गोळीची वेळ होत आली असेल तर राहिलेली सोडून द्यायची, दोन एकदम नकोत. हेही आधीच सांगा. एक चुकली की "आता खंड पडलाच" म्हणून पुढच्याही सुटतात.