जुन्या संगणकासाठी हलकी लिनक्स: आधी डेस्कटॉप ठरवावा की इन्स्टॉलर?

पाणवठा (धागाकर्ता):
एका वाचनालयाला देणगी म्हणून मिळालेले नऊ जुने संगणक चालू करून देण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. पाचांत २ जीबी रॅम आहे, तिघांत १ जीबी, आणि नववे म्हणजे ॲटम एन२७० प्रोसेसरचे एक नेटबुक. हलक्या लिनक्सचा विषय निघाला की आपण सारे एलएक्सक्यूटी बरे की एक्सएफसीई (दोन्ही हलके डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-मेनूंचे दृश्य वातावरण) यावर वाद घालतो. माझे मत मात्र असे झाले आहे की जुन्या यंत्रावर आधी इन्स्टॉलर (प्रणाली डिस्कवर बसवणारा प्रोग्राम) निवडावा आणि डेस्कटॉपचा विचार नंतर करावा. १ जीबीच्या यंत्रावर लुबुंटू या हलक्या लिनक्सच्या लाइव्ह प्रतीतून (न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालणारी प्रत) कॅलामारेस हा तिचा चित्रमय इन्स्टॉलर सुरू केला, तर पार्टिशनच्या (डिस्कचे भाग पाडण्याच्या) पानापर्यंत पोहोचण्याआधीच यंत्र गोठले. लाइव्ह प्रतीत संपूर्ण डेस्कटॉप रॅममध्ये उभा असतो, चालू असताना होणारे बदलही रॅममध्येच साठतात, नव्या डिस्कवर स्वॅप (रॅम अपुरी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा) अजून तयार झालेली नसते, आणि या सगळ्याच्या डोक्यावर क्यूटी या चित्रमय साधनसंचात लिहिलेला इन्स्टॉलर चढतो. त्यामुळे बसवल्यावर जी प्रणाली त्या यंत्रावर सुखाने चालली असती, ती बसवून घेण्याइतकी रॅमच शिल्लक राहत नाही. डेबियन या दुसऱ्या लिनक्सचा मजकुरी (फक्त अक्षरांचा) इन्स्टॉलर डेस्कटॉप उभाच करत नाही आणि पार्टिशन झाल्याबरोबर स्वॅप वापरू लागतो. त्याच यंत्रावर त्याने काम शेवटास नेले. लुबुंटूचीही पूर्वी ‘ऑल्टरनेट’ नावाची मजकुरी प्रत मिळत असे, १८.१० या आवृत्तीत कॅलामारेस आला आणि ती सोय गेली, याचे मला अजून वाईट वाटते.

रात्रपाळी:
निदान मान्य आहे, उपाय मान्य नाही. जुन्या यंत्राचे वायफाय, ध्वनी किंवा पडदा कुठे दगा देईल हे कोणालाही आधी सांगता येत नाही, आणि ते डिस्क पुसण्यापूर्वी कळणे हाच लाइव्ह प्रतीचा मोठा लाभ आहे. दुसरे असे की कॅलामारेस तयार प्रतिमा डिस्कवर उतरवतो, तर डेबियनचा नेटइन्स्ट (इंटरनेटवरून बसवणारा छोटा इन्स्टॉलर) एकेक पॅकेज उतरवून, उलगडून, डिस्कवर पक्के लिहिले गेल्याची खात्री करत पुढे सरकतो. फिरत्या तबकडीच्या जुन्या डिस्कवर मला यासाठी दोन तासांहून अधिक वेळ लागला आहे, आणि मध्येच वीज गेल्यामुळे एकदा सगळे पहिल्यापासून करावे लागले. रॅम कमी पडत असेल तर लाइव्ह सत्रात झेडरॅम (रॅममधलाच मजकूर दाबून जागा करण्याची सोय) चालू करावी; २ जीबीच्या यंत्रांना तर तेवढीही गरज पडू नये.

ओसरी:
एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटली आहे. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी आहे, पण फक्त चित्रमय रूपात. मजकुरी रूपाला देवनागरीची जोडाक्षरे मांडता येत नसल्याने तिथल्या भाषांच्या यादीत मराठी दिसतच नाही. वाचनालयातील ग्रंथपालाला उद्या हे काम स्वतः करावे लागले, तर धागाकर्त्यांचा आवडता पर्याय त्यांच्याशी इंग्रजीतच बोलणार.

पाणवठा:
आक्षेप रास्त आहे. मात्र बसवताना निवडलेली भाषा ही जन्मगाठ नव्हे. मराठी लोकेल (भाषेची मांडणी) नंतर ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स’ या आज्ञेने जोडता येते. शिवाय चित्रमय रूप आतून तोच इन्स्टॉलर आहे, त्यामुळे २ जीबीच्या पाच यंत्रांवर ते वापरायला माझी काहीच हरकत नाही. रात्रपाळी यांचा वेळेचा मुद्दा मला मान्य आहे, पण झेडरॅमचा सल्ला ज्याला लिनक्स आधीच येते त्याच्यासाठी आहे. वायफायबद्दल म्हणाल, तर २०२२ मध्ये डेबियनच्या विकासकांनी मतदान करून घेतलेल्या निर्णयानुसार डेबियन १२ पासून अधिकृत प्रतीतच बंदिस्त फर्मवेअर (वायफायसारख्या भागांना लागणारे, मूळ संकेत खुला नसलेले सॉफ्टवेअर) येते, त्यामुळे ऐन वेळी दुसऱ्या पेनड्राइव्हवरून ते पुरवण्याची जुनी कटकट बरीच कमी झाली आहे.

चुलीजवळ:
मुळात बसवायचेच कशाला? बॅरी काउलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या पपी लिनक्सची ‘फ्रुगल’ पद्धत पाहा: कर्नल (प्रणालीचा गाभा), इनिटआरडी (सुरू होताना लागणारी फाइल) आणि एसएफएस (दाबून ठेवलेली प्रणाली) या मोजक्या फायली एका फोल्डरमध्ये ठेवायच्या, बूटलोडरमध्ये (यंत्र चालू होताच प्रणाली सुरू करणारा प्रोग्राम) एक नोंद करायची, आणि काम झाले. नवे पार्टिशन करायला नको. केलेले बदल एका सेव्ह फायलीत राहतात. ती बिघडली तर काढून टाका, यंत्र पुन्हा कोरे करकरीत.

रात्रपाळी:
पपीत वापरकर्ता मुळातच रूट (सर्वाधिकारी) म्हणून वावरतो. घरच्या एकट्या यंत्रावर ते चालून जाईल, परंतु जिथे दिवसभर शाळकरी मुले आळीपाळीने बसणार तिथे मी ते ठेवणार नाही. प्रणाली बसवावीच, याबाबत मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे.

तिठा:
नेटबुककडे कोणी पाहिलेच नाही. एन२७० हा केवळ ३२ बिटी प्रोसेसर आहे, आणि २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटी पीसीसाठी इन्स्टॉलरच उरलेला नाही. सध्याच्या लुबुंटूचा तर प्रश्नच नाही. त्या यंत्रापुरता हा सारा वाद निरर्थक ठरतो. डेबियन १२ किंवा त्यावरच उभी असलेली अँटीएक्स २३, एवढेच माझ्या डोळ्यांसमोर येते. अँटीएक्सच्या ३२ बिटी प्रतीत चित्रमय आणि मजकुरी असे दोन्ही इन्स्टॉलर आहेत आणि तिचा लाइव्ह डेस्कटॉप आइसडब्ल्यूएम या हलक्या खिडकी-व्यवस्थापकावर उभा असल्याने १ जीबीतही गुदमरत नाही. म्हणजे रात्रपाळी यांची ‘आधी चाचणी घ्या’ ही अट आणि धागाकर्त्यांची रॅमची अट एकाच पेनड्राइव्हवर पुरी होते, फक्त सिस्टमडी (प्रणालीतल्या सेवा सुरू करून सांभाळणारा घटक) नसलेली प्रणाली सांभाळायची तयारी हवी.

पाणवठा:
सिस्टमडी नसल्याचे मला वावडे नाही. १ जीबीच्या तिघांपैकी एकात डेबियन बसवून झालेच आहे. उरलेल्या दोघांपैकी एकात या रविवारी अँटीएक्स बसवून घड्याळ लावून पाहतो, आणि नेटबुकलाही तीच देतो. २ जीबीच्या पाच यंत्रांवर कॅलामारेस वापरायला आता माझा विरोध नाही, पण वाचनालयात दुपारी वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टर शेजारी असल्याशिवाय यातले काहीच सुरू करणार नाही.