मदत हवी आहे: ५८ मुलगे, एक मिस आणि न फिरणाऱ्या मोटारी

नमस्कार मंडळी,

मी मुंबईतल्या एका जुन्या कॅथलिक शाळेत विज्ञान शिकवते. फक्त मुलग्यांची शाळा, इंग्रजी माध्यम, एसएससी बोर्ड. नाव मुद्दाम लिहीत नाही, आमच्या स्टाफरूमला सगळीकडे कान आहेत.

दहावीच्या माझ्या तुकडीत ५८ मुलगे. तास ३५ मिनिटांचा, त्यातली पाच मिनिटं प्रयोगशाळेच्या जिन्यातल्या ढकलाढकलीत जातात. प्रयोगशाळा मात्र बघत राहावी अशी! सागवानी कपाटं, पितळी तराजू, जाड काचेची भांडी. कुण्या जुन्या फादरांनी हौसेनं जमवलेलं असणार. सगळं कुलपात. ‘मुलं फोडतील’ हे मी रुजू झाल्यापासून ऐकतेय. लॅब असिस्टंट निवृत्त झाले, ती जागा भरलीच नाही. मग प्रयोग म्हणजे मी टेबलावर करायचा, पुढच्या दोन बाकांनी बघायचा आणि बाकीच्यांनी जर्नल उतरवून काढायचं. अंतर्गत २० गुण सगळ्यांनाच बरे पडतात, त्यामुळे तक्रार कुणाचीच नाही.

मला खटकलं ते डिसेंबरात. ख्रिसमसचा गोठा आमच्याकडे मुलंच उभारतात. त्यात खेळण्यातल्या छोट्या विजेच्या मोटारीवर चालणारी पाणचक्की होती, ती उलटी फिरत होती. एका पोरानं सेलच्या दोन वायरी अदलाबदल करून लावल्या, चक्की सुलटी! याच पोरानं चाचणीत फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम (मोटारीतली तार कुठल्या दिशेला ढकलली जाईल ते सांगणारा) उजवा हात काढून लिहिला होता. “का फिरली रे सुलटी?” विचारलं तर म्हणाला, “मिस, असंच असतं.”

त्या ‘असंच असतं’पायी मी प्रिन्सिपल फादरांच्या केबिनमध्ये गेले. महिन्यातून एका शनिवारचे दोन तास, पाच हजार रुपये आणि कपाटांच्या किल्ल्या मिळाल्या. फुटलं तर काय, असं मीच विचारलं. “फुटेल,” म्हणाले.

पहिल्या शनिवारी साधी मोटार करायला घेतली. सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचं रबर, गोल चुंबक आणि तांब्याच्या वाइंडिंग वायरची कॉइल. चौघांचे १४ गट, उरलेले दोघे कुठेतरी घुसवले. १४ पैकी पाच फिरल्या. बाकीच्या नुसत्या थरथरायच्या आणि थांबायच्या. एकाचं बोट पिनेवर भाजलं. शेजारच्या वर्गातून आवाजाबद्दल निरोप आला, तोही दोनदा.

तर मोटारी का फिरल्या नाहीत? आणि ५८ जण एकटीनं कसे सांभाळायचे? अटल टिंकरिंग लॅबचा सल्ला कृपया नको. २० लाखांपर्यंतची सरकारी योजना चांगलीच असेल, पण माझा पुढचा शनिवार दहा दिवसांवर आहे. थर्माकोलचा ज्वालामुखीही नको, तो पालक विकत आणून देतात.

वायरमन_विरार:
ताई, कॉइलची टोकं कशी खरवडलीत? वाइंडिंग वायरला इनॅमलचा लेप असतो, तो असेल तिथे पिनेतून प्रवाह येत नाही. दोन्ही टोकं गोलाकार पूर्ण खरवडली तर प्रवाह चालूच राहतो. अर्ध्या फेरीत कॉइल पुढे ढकलली जाते, पुढच्या अर्ध्या फेरीत तीच मागे, म्हणून थरथर. एक टोक पूर्ण खरवडा. कॉइल उभी धरून दुसऱ्या टोकाची फक्त खालची बाजू खरवडा. मग अर्धी फेरी प्रवाह, अर्धी फेरी नुसता झोक. कॉम्युटेटरचं (मोठ्या मोटारीत दर अर्ध्या फेरीला प्रवाह उलटवणाऱ्या भागाचं) काम एवढ्यात भागतं. पाच फिरल्या त्या पोरांनी खरवडायचा आळस केला असणार!
भाजण्याचं म्हणाल तर कॉइलला रोध जवळजवळ नसतोच, सेल जोडून ठेवला की पिना तापणारच. बघून झालं की सेल काढायला लावा. अल्कलाइन सेल घ्या, साधे लवकर उतरतात. वायर लोहार चाळीत वजनावर मिळते.

शाळामास्तरीण:
चौघांचा गट बरोबर आहे, तो मोडू नका. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२पासून सरकारी शाळांत विज्ञान असंच चाललं, चार-चार मुलं आणि एक किट. फक्त साहित्य न्यायला गटातला एकच जण उठेल, तोच मोजून परत आणेल. निम्मी गर्दी तिथेच संपते. आवाज होणारच. शेजारच्या बाईंना एकदा मोटार बघायला बोलवा. पुढच्या शनिवारांसाठी अरविंद गुप्तांची साइट आहे, टाकाऊ वस्तूंची विज्ञानखेळणी, सगळं फुकट, मराठीतही.

जुना_विद्यार्थी:
मीही अशाच शाळेतला. आमची कपाटं दहा वर्षांत एकदा उघडलेली पाहिली, तीही इन्स्पेक्शनला. कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफों प्रत्यक्ष प्रयोग करून भौतिकशास्त्र शिकवायचे आणि समोर जगदीशचंद्र बोस बसायचे. किल्ली परत मागायला कुणी आलंच तर हे ऐकवा.

धागाकर्ती:
वायरमनदादा, मीच सांगितलं होतं ना त्यांना, “नीट खरवडा, लेप अजिबात राहू देऊ नका”! ज्यांनी ऐकलं त्यांच्या फिरल्या नाहीत.
थरथरणाऱ्या तीन कॉइल्स घरी आणल्या होत्या. आता नव्यानं कोण गुंडाळतंय, म्हणून कॉइल उभी धरून एका टोकाच्या वरच्या बाजूला नेलपॉलिश लावलं. वाळल्यावर तिन्ही फिरल्या. म्हणजे शनिवारी मुलग्यांच्या शाळेत नेलपॉलिशची बाटली न्यायची आहे, तयारीत राहते.
चक्कीवाल्या पोराला मात्र थरथरणारीच देणार आहे, बाटलीशिवाय.