बिलाची फाइल कोणीही उघडू नका

शिरोडकर वहिनी, बी-३ (सकाळी ७:४२): रात्री कामत काकांच्या मेलवरून "मेंटेनन्स बिल" आलंय ना, ती फाइल कोणीही उघडू नका. आमच्याकडे उघडली आणि कंप्युटरची पार वाट लागली. चिन्मयचा अख्खा प्रोजेक्ट त्यात आहे.

कामत काका, खजिनदार (७:५०): मी रात्री कोणालाही बिल पाठवलेले नाही. मी दहाला झोपतो हे सर्वांना माहीत आहे.

शिरोडकर वहिनी: मेल तुमच्याच पत्त्यावरून आहे. स्क्रीनशॉट टाकलाय, बघा.

फर्नांडिस अंकल, ए-१: बिल आलं म्हणून लगेच उघडणारी मेंबर आज पहिल्यांदा बघितली. देव बरें करूं!

कामत काका: त्यातून बी-३. मे महिन्यापासून बाकी आहे.

शिरोडकर वहिनी: काका, हे आत्ता इथे काढायची गरज होती का? टाकीच्या गळतीचं काय झालं ते आधी सांगा, मग बाकीचं बोलू.

गावडे, सचिव: कृपया सर्वांनी मूळ विषयावर राहावे 🙏

प्रभू काका, सी-४: *महत्त्वाची सूचना.* उद्या "मार्टिनेली" नावाचा व्हिडिओ येणार आहे. उघडू नका, फोन हॅक होतो व काही केल्या दुरुस्त होत नाही. सर्व ग्रुपवर पाठवा.

स्वप्नील, सी-२: प्रभू काका, हे "उद्या" २०१७ पासून येतंय. अफवा आहे. वहिनी, फाइल उघडल्यावर नक्की काय झालं?

शिरोडकर वहिनी: आधी काहीच नाही. काळी चौकट क्षणभर आली नि गेली. मग तासाभराने पूर्ण स्क्रीन लाल, भोंगा चालू, "कंप्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा". चिन्मय क्लासला. सासऱ्यांनी फोन लावला पण! पलीकडचा माणूस गोड हिंदीत म्हणाला, एनीडेस्क घाला, मी दुरुस्त करून देतो. घालणार तेवढ्यात करंट गेला.

फर्नांडिस अंकल: पावसात रोज शिव्या खाणारा करंट शेवटी कामाला आला 😂

नाईक मॅडम, ए-४: हसू नका. आमच्या बँकेत अशा केसेस बघितल्यात. एनीडेस्कवरून शिरला की तो तुमचा स्क्रीन बघतो, ओटीपीसुद्धा. पैसे गेले असते तर पहिल्या तासात १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा. आबांना सांगा, कुठलीही खरी कंपनी स्क्रीनवर भोंगा वाजवून फोन करायला सांगत नाही.

देसाई सर, ए-५: मी वार्षिक सभेतच म्हणालो होतो की सोसायटीने एक क्विक हील अँटिव्हायरस घ्यावा. पुण्याची कंपनी आहे. काटकर बंधूंनी, मराठी माणसांनी उभी केलेली.

स्वप्नील: वहिनी, यात दोन वेगळ्या भानगडी असू शकतात. लाल स्क्रीन हे बहुतेक नुसतं वेबपेज असतं. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला की जातं. परत उघडताना "जुनी पानं आणू का" विचारलं तर नाही म्हणा. काळजी आहे ती काळ्या चौकटीची, म्हणजे फाइलमधून काहीतरी चालू झालं असणार. आधी वायफाय तोडा. आणि स्क्रीनशॉटमध्ये मेलखाली लिंक दिसते, तिथून झिप उतरली ना? तिचा पासवर्ड मेलमध्येच दिलाय. बिलाला पासवर्ड कशाला? आतलं व्हायरस तपासणाऱ्या स्कॅनरला दिसू नये म्हणून.

शिरोडकर वहिनी: पण आत पीडीएफच होती. लाल चित्र होतं.

स्वप्नील: चित्र काय, कुठलंही लावता येतं. नाव "बिल.पीडीएफ.ईएक्सई" असणार. ईएक्सई म्हणजे कागद नव्हे, चालणारा प्रोग्रॅम. शेवटचं ईएक्सई विंडोज आपणहून लपवतं. एक्सप्लोररच्या व्ह्यू मेन्यूत "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" वर टिक करा, मग दिसेल. हे सगळ्यांनी करा, अर्ध्या मिनिटाचं काम.

देसाई सर: क्विक हील असता तर हे झालेच नसते.

कामत काका: माझ्याकडे एक सोडून दोन अँटिव्हायरस आहेत. तेव्हा माझ्या कंप्युटरवरून काही गेले असे म्हणणाऱ्यांनी विचार करून बोलावे.

स्वप्नील: कोणी काही म्हणत नाही काका. मी अर्ध्या तासात खाली येतो, बघू.

रेगे, बी-१: सोसायटीचा सगळा हिशेब त्याच कंप्युटरवर आहे ना? बॅकअप आहे का?

गावडे, सचिव: स्वप्नील बघतोय. थोडा धीर धरू.

रेगे, बी-१: धीर धरतो. बॅकअप आहे का?

फर्नांडिस अंकल: बॅकअपला रेगे बाब आहेत, सगळ्यांचे आकडे त्यांना पाठ.

प्रभू काका: "मार्टिनेली" व्हिडिओबद्दल वर सूचना दिली आहे. कोणी वाचलेली दिसत नाही.

स्वप्नील (९:३६): कामत काकांकडे बसलोय. दोन अँटिव्हायरसपैकी एकाची मुदत २०२३ ला संपली, दुसरा कशाबरोबर तरी फुकट आलेला. दोन एकत्र ठेवले की एकमेकांच्या फाइलींवर संशय घेत बसतात. दोन्ही काढतोय. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरासाठी पुरेसा आहे, पण दुसरा अँटिव्हायरस घातला की तो मागे सरतो. आता खरी गंमत. डिफेंडरच्या सेटिंग्जमध्ये "एक्सक्लूजन्स" अशी यादी असते, म्हणजे यात जे लिहिलं ते तपासायचं नाही. काकांच्या यादीत एकच ओळ आहे: अख्खा सी ड्राइव्ह.

नाईक मॅडम: म्हणजे?

स्वप्नील: म्हणजे वॉचमन पगारावर आहे, पण त्याला सांगून ठेवलंय की गेटकडे बघायचं नाही.

कामत काका: ते मी केलेले नाही. मार्केटातल्या दुकानात विंडोज घालून घेतले, त्याने केले असेल.

स्वप्नील: त्यानेच. लायसन न घेता विंडोज चालू करून देणारे जे "ॲक्टिव्हेटर" असतात ते डिफेंडर पकडतो. म्हणून हे लोक आधी डिफेंडरचे डोळे बांधतात. मग त्या ॲक्टिव्हेटरबरोबर काय काय आत आलं कोणाला माहीत. माझा अंदाज, पासवर्ड चोरणारं काहीतरी होतं. ब्राउझरमध्ये "सेव्ह पासवर्ड" केलेलं सगळं उचलतं, मेलचं चालू लॉगिनसुद्धा. त्यातून काकांच्या खात्यात शिरून सगळ्या मेंबरना बिल गेलं. सेंट फोल्डरमध्ये आहेत, पहाटे २:१० चे.

कामत काका: हे सगळे ग्रुपवर टाकायची आवश्यकता होती का? मी शेजारी बसलो आहे.

शिरोडकर वहिनी: आमची बाकी ग्रुपवर टाकायची होती का?

फर्नांडिस अंकल: वन ऑल 😂

गावडे, सचिव: कृपया 🙏 कामत साहेब बिनपगारी हे काम बघतात हे लक्षात ठेवू.

शिरोडकर वहिनी: त्याबद्दल आदरच आहे. चिन्मयचा प्रोजेक्ट कोण परत आणून देणार तेवढं सांगा.

स्वप्नील: वहिनी, फाइली उघडतायत ना? मग प्रोजेक्ट आहे, कुठे जात नाही. वायफाय बंदच ठेवून त्याच्या वर्ड आणि फोटोच्या फाइली तेवढ्या कोऱ्या पेन ड्राइव्हवर घ्या, ईएक्सई एकही नको. मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा, कंप्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासतो. पासवर्ड मात्र त्या कंप्युटरवरून बदलू नका, फोनवरून बदला. मेलचा आधी, मग बँक. सगळीकडून लॉगआउट करा. नुसता पासवर्ड बदलून चोराचं चालू लॉगिन प्रत्येक वेळी तुटतंच असं नाही. मेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंगही बघा. काकांच्या खात्यात एक अनोळखी पत्ता निघाला. सगळ्या मेलची प्रत तिकडे जात होती.

नाईक मॅडम: बाप रे. सोसायटीच्या बँकेचे मेल पण?

कामत काका: बँकेला मी आताच फोन केला आहे. नेटबँकिंग तात्पुरते बंद केले. पैसे जागेवर आहेत.

रेगे, बी-१: छान केलंत. बॅकअप आहे का?

कामत काका: आहे हो! पेन ड्राइव्हवर आहे. कंप्युटरच्या मागे कायम लावलेली असते.

स्वप्नील: कायम लावलेली असली तर तो बॅकअप नव्हे. खंडणीवाला व्हायरस आला तर कंप्युटरबरोबर तीही कुलूपबंद होते. मे २०१७ मधला वॉनाक्राय आठवा. मायक्रोसॉफ्टने भोक बुजवणारा अपडेट मार्चमध्येच दिला होता, ज्यांनी घातला नाही त्यांच्याकडे शिरला. आणि काकांचं विंडोज १० आहे, त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वर्षभराची वाढीव मुदत होती, पण नोंदणी करावी लागते. ती केलेली नाही.

देसाई सर: याच्यावर क्विक हील चालेल ना?

स्वप्नील: चालेल सर, कुठलाही एक घ्या. पण काकांचा कंप्युटर मी पुसून कोरा करणार आहे. इतकं झाल्यावर नुसत्या स्कॅनवर माझा विश्वास नाही. फक्त विंडोज या वेळी लायसनचं हवं. पैसे कोण देणार?

रेगे, बी-१: कंप्युटर खाजगी, खर्च सोसायटीचा? हे सभेत यायला हवं.

कामत काका: मग हिशेबाच्या वह्या रेगे यांनी घेऊन जाव्यात. आज संध्याकाळीच.

रेगे, बी-१: मी फक्त नियम सांगितला.

गावडे, सचिव: चवथीला सगळे गावी जातील, त्याआधी सभा होणार नाही. लायसनचे पैसे सध्या मी देतो, नंतर मंजुरी घेऊ. यावेळचे बिल छापून लेटरबॉक्समध्ये टाकले जाईल. मेलवर आलेले कोणतेही बिल सोसायटीचे समजू नये.

नाईक मॅडम: गावडे साहेब, सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर साफसफाईची टूल्स फुकट आहेत. लिंक कोणाच्या फॉरवर्डवरून घेऊ नका, पत्ता स्वतः टाइप करा.

प्रभू काका: स्वप्नील, आमच्या कंप्युटरवर पण अधूनमधून उजव्या कोपऱ्यात "व्हायरस सापडला" असे येते. मी लगेच क्लिक करतो.

स्वप्नील: क्लिक करू नका काका. कुठल्या तरी साइटला तुम्ही "अलाउ" म्हटलं असणार, ती नोटिफिकेशन पाठवते. ब्राउझरच्या सेटिंग्जमधून काढावी लागेल.

प्रभू काका: ते कसे?

देसाई सर: माझ्याकडेही एकदा बघून जा.

फर्नांडिस अंकल: ए-१ पण लिही पात्राव. पोराने गेम घातलाय, तेव्हापासून फॅन विमानासारखा ओरडतो.

स्वप्नील: रविवारी १० ते १. आधी बी-३, मग बाकीचे नंबराने. चार्जर आणि स्वतःचे पासवर्ड हाताशी ठेवा. पासवर्ड ग्रुपवर टाकू नका, प्लीज.