मदत हवी आहे: वाइसबिअरच्या ग्लासात फेस टिकत नाही

नमस्कार मंडळी,

म्युनिकला येऊन मला चार वर्षं झाली. वरच्या मजल्यावर एक जर्मन आजी राहतात. आजोबा गेल्यावर त्यांनी कपाट आवरलं आणि त्यांचे वाइसबिअरचे, म्हणजे इथल्या गव्हाच्या बिअरचे, दोन ग्लास मला दिले. वीतभराहून उंच, बुडाशी निमुळते, वर रुंद, तळाला जाड काच. काठाच्या बऱ्याच खाली ०.५ लिटरची बारीक रेघ.

येत्या रविवारी सकाळी दहाला त्या माझ्याकडे नाश्त्याला येणार आहेत. पांढरी सॉसेजं, गोड मोहरीची चटणी, ब्रेत्सेल (गाठीच्या आकाराचा खारट पाव) आणि वाइसबिअर. ही सॉसेजं दुपारचे बारा वाजायच्या आत खायची अशी इथली जुनी रीत. बिअर त्याच ग्लासांत द्यायची, असं मी मनाशी ठरवलंय.

पण फेसच टिकत नाही. बिअरगार्टनमध्ये ग्लास निम्मा झाला तरी वर जाड पांढरा फेस असतो. माझ्याकडे मिनिटभरात बसतो, दुधावरच्या सायीएवढा थर उरतो आणि आतून काचेला जागोजागी बुडबुडे चिकटून राहतात. दुकान बदललं, बिअर बदलली, तेच. पहिल्या दिवशी ग्लास सरळ धरून भसकन ओतली, तर सगळी ओट्यावर आली. ग्लास बाकीच्या भांड्यांबरोबर रोज घासते, एक डाग नाही.

शिवाय बाटलीच्या तळाशी गाळ असतो, तो ओतायचा की ठेवायचा? काठाला लिंबाची चकती लावायची का? आजींनाच विचारता आलं असतं, पण त्या दिवशी त्यांच्यासमोर सगळं आयतं यावं असं फार वाटतंय.

प्रतिसाद

ताई, बुडबुडे चिकटतात म्हणालात, तिथेच उत्तर आहे. काच तेलकट आहे. डोळ्यांना दिसत नाही, पण फेसाला तेवढं पुरतं. फेस धरून ठेवतात ती धान्यातली प्रथिनं. या बिअरमध्ये निदान निम्मं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गव्हाचं असतं आणि गव्हात प्रथिनं भरपूर, म्हणून एवढा फेस. तेलाचा अंश लागला की तो फुटतो. फोडणीच्या कढईची घासणीच ग्लासाला लावता ना?

ग्लासांसाठी वेगळी मऊ घासणी आणा. गरम पाण्याने भरपूर खळबळा, फडक्याने पुसू नका, पालथे घाला. ओतायच्या आधी गार पाण्याने विसळून ओलेच घ्या. मग ग्लास चांगला तिरका धरून काचेच्या कडेने अगदी हळू सोडा. बाटलीत दोन बोटं उरली की थांबा, बाटली गोल फिरवून गाळ उठवा आणि तो वरून ओता. तो गाळ म्हणजे यीस्ट. केळ्याचा आणि लवंगेचा जो वास येतो तो यीस्टनेच आंबताना तयार केलेला असतो. गाळ नको असणाऱ्यांसाठी गाळलेली, नितळ क्रिस्टल मिळते, पण आजोबांच्या ग्लासात मी तरी गढूळच देईन. बिअर रेघेपर्यंत, फेस रेघेच्या वर.

लिंबू अजिबात नको. सालीच्या तेलाने फेस बसतो आणि तो वासही झाकला जातो.

आणखी एक. हे ग्लास काठाला काठ लावून भिडवत नाहीत, वरची काच पातळ असते. तळाकडून भिडवतात. आजी ग्लास पुढे करतील तेव्हा तुम्हीही बूड पुढे करा. त्यांना फार बरं वाटेल.

धागाकर्ती

घासणी तीच होती! काल नवी आणली, सांगितलं तसं केलं. शेवटच्या घोटापर्यंत फेस होता आणि रिकाम्या ग्लासात प्रत्येक घोटाची एकेक पांढरी कडी उमटलेली. मनापासून आभार.

आता एवढंच सांगा, सॉसेजं उकळत्या पाण्यात फुटतात म्हणे. मग आच बंद करून गरम पाण्यात किती मिनिटं ठेवू?