जंतू मारला, तरी जळजळ का?

नाना: पोटातल्या एच. पायलोरी जंतूवरचा चौदा दिवसांचा कोर्स परवा संपला. एकही गोळी चुकवली नाही. तोंडाला धातूसारखी चव, काळी शी, मळमळ, सगळं सोसलं. आणि काल रात्री दोन वाजता पुन्हा उठून बसलो. घशाशी आंबट पाणी, छातीत आग. म्हणजे तो जंतू मेलाच नाही ना?

वहिनी: नाना, मला आलेल्या एका मेसेजमध्ये उलटंच लिहिलंय. हा जंतू पोटातलं ॲसिड ताब्यात ठेवतो, त्याला मारलं की ॲसिडिटी भडकते. तसंच झालं असेल का?

आत्या: अगं बाई! मलाही याच जंतूची तपासणी सांगितली आहे. परवाची वेळ घेतली आहे. मग जाऊच नको का?

दादा: नाना, आणखी आठवडाभर घेऊन बघायचं का? माझ्याकडे मागची अँटिबायोटिकं शिल्लक आहेत.

ताई: दादा, नको. एकही गोळी देऊ नकोस. अर्धवट अँटिबायोटिकांनीच हा जंतू औषधाला दाद देईनासा होतो. नाना, आधी सांगा: गिळताना घास अडकतो का? वजन उतरलंय? उलटीत रक्त?

नाना: नाही, काहीच नाही. वजन उलट वाढलंय.

ताई: बरं. काळी शी कोर्समधल्या बिस्मथ या औषधामुळे होती, काही दिवसांत रंग पहिल्यासारखा होईल. डांबरासारखी चिकट झाली किंवा चक्कर आली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे. आणि कोर्स चालू असताना रात्रीची जळजळ होती का?

नाना: नव्हती. म्हणून तर वाटलं बरा झालो.

ताई: एन्डोस्कोपीचा रिपोर्ट टाका ना इथे.

नाना: (फोटो)

ताई: नाना, यात दोन गोष्टी आहेत आणि तुमच्या लक्षात एकच राहिली. बायोप्सीत एच. पायलोरी सापडला, ही एक. दुसरी त्याच्या वरच्याच ओळीत आहे: छोटा हायटस हर्निया, आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सूज. म्हणजे जठराचा वरचा भाग पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्यातून थोडा छातीत सरकलाय, त्यामुळे अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप नीट मिटत नाही. रात्रीचं आंबट पाणी तिथून येतं. जंतू राहतो जठरात, बिघाड आहे झडपेत. तो मेला म्हणून झडप घट्ट होत नाही.

आपल्याकडे या सगळ्याला एकच शब्द, ‘पित्त’. अल्सरचं दुखणं पित्त, छातीतली जळजळ पित्त, नुसतं पोट फुगलं तरी पित्त. म्हणून एक औषध घेतलं की सगळं जाईल असं वाटतं.

नाना: मग चौदा दिवस बरं कशामुळे वाटलं?

ताई: त्या कोर्समध्ये ॲसिड कमी करणारी गोळीही होती, दिवसातून दोनदा. आराम तिने दिला. कोर्ससोबत तीही थांबली आणि जळजळ परतली. जंतू जिवंत असल्याचा हा पुरावा नाही, मेल्याचाही नाही.

वहिनी: मग तो मेसेज खोटा का?

ताई: वहिनी, पूर्ण खोटा नाही, म्हणूनच तो पटतो. हा जंतू जठरात कुठे ठाण मांडतो त्यावर सगळं आहे. खालच्या टोकाशी असला तर गॅस्ट्रिन हा हार्मोन वाढतो, ॲसिड वाढतं आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर होतो. वरच्या, मोठ्या भागात पसरला तर ॲसिड तयार करणाऱ्या पेशीच झिजतात आणि ॲसिड घटतं. ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल या डॉक्टरांनी १९८४ साली या जंतूचं द्रावण स्वतः प्यायलं. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, आणि त्या उलटीत ॲसिड नव्हतं! या जंतूच्या शोधासाठी त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं.

तर ज्यांचं ॲसिड असं घटलेलं असतं त्यांना रिफ्लक्स, म्हणजे आंबट पाणी वर येणं, कमी दिसतो, हे खरं. १९९७ मध्ये जर्मनीतल्या एका अभ्यासात जंतू मारल्यावर काही अल्सरच्या रुग्णांच्या अन्ननलिकेला सूज आलेली दिसली, आणि तिथून ही भीती पसरली. पण नंतरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा जंतू मारल्याने रिफ्लक्स बळावतो असं सिद्ध झालं नाही. आणि ज्याला तुम्ही संरक्षण म्हणताय ते जठराचं अस्तर झिजवून मिळतं, वहिनी. त्याच झिजेतून पुढे काहींना जठराचा कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९४ मध्येच या जंतूला कॅन्सरकारकांच्या पहिल्या, म्हणजे कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या, गटात टाकलंय. असा राखणदार मला माझ्या माणसांच्या पोटात नको.

मामी: जगात निम्म्या लोकांना असतो म्हणतात ना हा?

ताई: साधारण तेवढ्यांना, हो. बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. पण सापडला तर काढतात.

आत्या: मी तर सात वर्षं रोज ती ॲसिडची गोळी घेतेय. माझं काय?

ताई: आत्या, म्हणून तर तुला तपासणी सांगितली आहे. जंतू असताना ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की सूज जठराच्या वरच्या भागाकडे सरकते आणि झीज वाढू शकते. फक्त परवा जाऊ नकोस. गोळी चालू असताना श्वासाची किंवा शीची तपासणी केली तर जंतू असूनही नाही असं येऊ शकतं. आधी दोन आठवडे गोळी बंद हवी. डॉक्टरांना फोन करून विचार, मनाने थांबवू नकोस.

आत्या: रक्ताची केली तर? ती एकदा झाली होती, पॉझिटिव्ह होती.

ताई: रक्तातल्या अँटिबॉडी जंतू गेल्यावरही राहतात. आत्ता आहे की नाही ते त्यावरून कळत नाही.

नाना, तुमची फेरतपासणीही कोर्स संपल्यावर चार आठवड्यांनी, त्याआधी नाही. तिच्या आधीचे दोन आठवडे ॲसिडची गोळी नको. तोवर जळजळीला काय घ्यायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, साधं अँटासिड बहुधा चालेल म्हणतील. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा, डाव्या कुशीवर झोपा, पलंगाची डोक्याकडची बाजू वीतभर उचला. आणि वाढलेलं वजन उतरवा. तुमच्या झडपेला त्याचा सगळ्यात जास्त फायदा होईल.

नाना: दोन उशा जास्त घेतल्या तर?

ताई: नको. उशांनी मान वर जाते आणि पोटात घडी पडते, दाब उलट वाढतो. पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे ठेवा.

दादा: ठोकळे मी संध्याकाळी आणतो. उरलेल्या गोळ्या औषधवाल्याकडे परत देतो.

आत्या: डॉक्टरांशी बोलले. गोळी आजपासून बंद करायला सांगितली, तपासणी दोन आठवडे पुढे. या दिवसांत जळजळ वाढली तर लगेच कळवायचं म्हणाले.